खानदेशातले अवघड रस्ते आणि कंपनीतून आली तशी फोर बाय फोर

धुळ्याचा_लोरेंज (धुळे, थार डिझेल)

पाऊस उघडायला लागला की मेसेज सुरू होतात. "नवी गाडी घेतली, तोरणमाळला जायचंय, लिफ्ट किट टाकू का?" लिफ्ट किट म्हणजे गाडी उंच करायचं सामान. अहो, तोरणमाळला एसटी जाते. शहाद्याहून निघायचं, राणीपूर मागे टाकायचं, सातपायरी घाट चढायचा, पोचलात. त्यासाठी गाडीला एक नटसुद्धा नवा लावायला नको.

खरा प्रश्न डांबर संपल्यावरचा. तोरणमाळच्या पलीकडे खडकी, सिंदीदिगरकडे उतरणाऱ्या वाटा. चांदसैली घाटातून धडगावला गेलं की नर्मदेकडे फुटणारे फाटे. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातल्या टेकड्या. तापी-गिरणेची पात्रं. आणि सगळ्यांत बेकार म्हणजे ऑक्टोबरातली आपल्याच शेताकडची गाडवाट, जिथं भल्याभल्यांच्या फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या) ट्रॅक्टरमागे बांधून बाहेर आल्यात.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. आपल्या भागात गाडी उंची कमी पडली म्हणून क्वचित अडते. अडते ती टायर चुकीचे म्हणून, टायरात हवा जास्त म्हणून आणि ड्रायव्हर खाली उतरून रस्ता बघत नाही म्हणून. पैसे असतील तर याच क्रमानं घाला. आधी बरे ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीवर चालणारे) टायर, मग हवा मोजायचं मीटर आणि कंप्रेसर, मग ओढायचा पट्टा आणि शॅकल (पट्टा अडकवायची कडी). लिफ्ट किट त्याच्या बरंच नंतर.

लिफ्ट किटबद्दल एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. तीन दरवाज्यांच्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीखालची मोकळी उंची) २२६ मिलिमीटर, जिमनीचा २१०. थारचा मागचा ॲक्सल (दोन चाकं जोडणारा दांडा) सलग आहे, जिमनीचे दोन्ही. अशा गाडीत दगडाला आधी टेकतो तो ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा (दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा. लिफ्ट किटनं बॉडी वर जाते, हा गोळा आहे तिथंच राहतो. तो वर न्यायचा तर टायरच मोठं लागतं. मग काय कमावलं? पुढून-मागून आणि पोटाखालून थोडा कोन मिळाला, आणि गाडीचा तोल वर गेला. सातपुड्यातल्या आडव्या उतारावर तोल वर जाणं मला तरी नको.

ज्यांना पटत नसेल त्यांनी लिहा. ज्यांना पटतंय त्यांनीही लिहा, नुसते अंगठे दाखवू नका.

लिफ्टकिट_नाशिककर (नाशिक, थार रॉक्स)

भाऊ, अर्धं बरोबर आहे. पण पोटाखालचा कोन असा हलक्यात उडवून लावू नका. तीन दरवाज्यांच्या थारचा तो २७ अंश, जिमनीचा २४. लांब गाडीला आणखी कमी. तुमच्याकडच्या नाल्यांचे काठ कापल्यासारखे उभे असतात. पुढची चाकं पलीकडे चढली आणि मागची अजून उतरतायत, अशा वेळी गाडी पोटावर बसते. तिथं दीड-दोन इंच वाढलेली उंचीच कामाला येते. माझ्या रॉक्सला दोन इंच लिफ्ट आहे, मला पश्चात्ताप नाही.

धुळ्याचा_लोरेंज

लांब गाडीसाठी मान्य. पण काठ उभा असेल तर सरळ का जाता? तिरकं घ्या. एक चाक उतरतंय तेव्हा दुसरं अजून वर आहे, असं केलं की पोट वाचतं. तिरकं घेतलं की एखादं चाक हवेत जाणार हे खरं. मग मागचं डिफ लॉक (दोन्ही चाकं एकदम फिरवणारी सोय) किंवा ब्रेकनं फिरतं चाक धरणारी सिस्टीम, जे असेल ते कामाला लागतं. आणि दोन फावडी माती काठावरून खाली ओढली की काठ उतरता होतो, २७ अंशही पुरतात. फावड्याला आरटीओ पण काही म्हणत नाही.

भो_नं_एक (पारोळा)

गाडीले फोर बाय फोर शे, पन डोकाले नही. आठे अर्धा लोकेस्नं तसंच शे.

पयले पायी चाल, मंग गाडी घाल. बस इतलंच.

केळीपट्टा (रावेर, जिमनी)

काळ्या मातीबद्दल लिहिते, कारण यूट्यूबवर जे चिखलाचे व्हिडिओ असतात ते कोकणातल्या नाहीतर घाटावरच्या लाल चिखलाचे. आपली काळी वेगळी आहे. पाण्यानं फुगते आणि चिकटते. चाक दोन फेरे फिरलं की टायरची नक्षी भरून जाते आणि चाकाचा गुळगुळीत रूळ होतो. मग टायर दहा हजारांचं असो की तीस हजारांचं, सारखंच. चाकाच्या कमानीत माती ठासून बसते आणि चाक फिरायचंच थांबतं.

लोक म्हणतात अरुंद टायर कापत खाली जातं आणि कडक थराला लागतं. जिथं वीतभर काळीखाली मुरूम आहे तिथं हे खरं. तापीकाठी आमच्याकडे माती किती खोल आहे ते विहीर खणणाऱ्याला विचारा. तिथं खाली कडक काहीच लागत नाही, गाडी फक्त बसत जाते.

त्यामुळे काळीतला माझा नियम: पाऊस पडून गेल्यावर ऊन पडू द्या. वरचा पापुद्रा वाळून पांढुरका दिसायला लागला, पाय ठेवला तर चपलेला माती आली नाही, की निघा. तोवर घरी बसा. मध्ये अडकलातच तर गॅस देत बसू नका. दर फेऱ्याला चाक स्वतःची विहीर खणतं. थांबा, कमानीतली माती काठीनं काढा, पऱ्हाट्या नाहीतर केळीची वाळलेली पानं चाकाखाली घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूच काढून बघा.

केळीच्या पट्ट्यात आणखी एक. ठिबकच्या १६ मिलिमीटरच्या नळ्या. बागेच्या कडेला गुंडाळून टाकलेली नळी गवतात दिसत नाही. ती प्रोपेलर शाफ्टला (गाडीखालच्या फिरत्या दांड्याला) गुंडाळली की दोरासारखी आवळत जाते आणि ऑइल सील फाडते. कडेला चाक घालण्याआधी गवतात बघा. आणि हो, ती नळी कुणाची तरी आहे. त्या शेतकऱ्याला विचारल्याशिवाय बांधावरून गाडी घालू नका. बांध मोडला की दोन पिढ्या भांडतात आमच्याकडे.

भो_नं_एक

ताई, दोन कोन म्हने? आमनं तं चौथी पिढी चाली राहिनी.

गिरणाकाठ (भडगाव, जिप्सी)

वाळूचं मी सांगतो. जिप्सी जुनी आहे, इंजिन १३०० सीसी, ताकद बेताची, पण वजन हलकं. वाळूत हलकं वजन हाच मोठा गुण.

वाळूत शिरायच्या आधी हवा सोडा, अडकल्यावर नाही. डांबरावर तीसच्या आसपास असेल तर वाळूत १६ ते १८ पीएसआय. साध्या रिमवर १५ च्या खाली नको, वळताना टायर रिमवरून उतरतं. हवा कमी केली की टायर रुंदीला फार वाढत नाही, लांबीला टेकतं. तोच फायदा. मग फोर हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगाला), दुसरा-तिसरा गिअर, एकसारखा पाय. ब्रेक दाबून थांबू नका, ब्रेकनं चाकापुढं वाळूचा बांध तयार होतो. गाडी आपोआप थांबू द्या, शक्यतो उताराकडे तोंड करून. जोरात वळू नका. चाकं भराभर फिरायला लागली की पाय काढा, आल्या चाकोरीतून मागे या आणि पुन्हा घ्या.

आता मुद्द्याचं. गिरणेचं पात्र कोरडं दिसतं म्हणून तंबू ठोकून बसणारे दिसतात. धरणातून आवर्तन सुटलं की पाणी रात्रीतून येतं. वर ढग नाही, पाऊस नाही, तरी पात्र भरतं. आवर्तनाची बातमी स्थानिक पेपरात येते, गावात विचारलं तरी कळतं. तापीचं तसंच. हतनूरला ४१ दरवाजे आहेत, पाऊस मध्य प्रदेशात पडतो आणि दरवाजे इथं उघडतात. पुढं सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बॅरेज. पात्रात उतरायचं तर वरच्या धरणाची बातमी घेतल्याशिवाय उतरू नये.

दुसरं, वाळू उपशाचे खड्डे. जेसीबीनं काढलेला खड्डा पुरानंतर गाळानं भरतो. वरून सपाट दिसतो, आत लगदा. काठी खुपसून बघा. आणि तिसरं, संध्याकाळनंतर पात्रात गाडी दिसली तर महसूलचं पथक आधी तुम्हाला वाळूवालाच समजणार. कागदपत्रं जवळ ठेवा, वाद घालू नका.

नवा_गडी (जळगाव)

माझ्याकडे बोलेरो आहे, टू व्हील ड्राइव्ह. हा धागा माझ्यासाठी नाही का?

अक्राणी_गुरुजी (धडगाव)

तुमच्यासाठीच आहे, नवा गडी.

मी इकडं जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. ज्या रस्त्यांना तुम्ही मंडळी ट्रेल म्हणता त्यावरून आमची बाजाराची पिकअप जाते, कमांडर जीप जाते, टपावर माणसं बसलेली. बहुतेक गाड्या टू व्हील ड्राइव्ह. कशा जातात? ड्रायव्हरला प्रत्येक दगड पाठ आहे. मागच्या चाकांवर वजन आहे, त्यामुळे पकड आहे. चढावर गाडी दमली तर चाकामागे दगड लावायला एक पोरगा उडी मारून उतरलेला असतो. आणि मोठा पाऊस झाला की तो ड्रायव्हर जातच नाही. तुमच्याकडे फोर लो (चारही चाकांना ताकद, हळू पण जास्त जोरानं) असतं, पण "आज जायचं नाही" म्हणायला कोणी नसतं. शनिवार-रविवारची सुट्टी असते ना.

टपावर माणसं बसवणं चांगलं आहे असं मी म्हणत नाही. दुसरी सोय नाही म्हणून बसतात.

आमच्याकडे येणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी सांगायच्या आहेत. घाटात चढणाऱ्या गाडीला वाट द्या, उतरणाऱ्यानं थांबायचं. नियम आहेच. शिवाय भरलेली पिकअप एकदा थांबली की पुन्हा उचलायला किती जड जाते ते बघा. फोटोसाठी वळणावर गाड्या लावू नका. तिथून पेशंट घेऊन येणारी गाडी असू शकते. काही पाड्यांना अजून गाडीच पोचत नाही, तिथून माणसं बांबूच्या झोळीत पेशंट घालून रस्त्यापर्यंत आणतात.

सगळ्यांत महत्त्वाचं, पावसानंतर दोन दिवसांत येऊन आमचे कच्चे रस्ते उकरू नका. तुमच्या रुंद टायरांनी मुरमात खोल चाकोऱ्या पडतात. तुम्ही वर चढून व्हिडिओ काढता, टाळ्या वाजवता, निघून जाता. त्या चाकोऱ्या वाळून दगड होतात आणि आमच्या पिकअपचं पोट पुढचे चार महिने त्यावर घासतं.

धुळ्याचा_लोरेंज

गुरुजी, हे पहिल्या पोस्टमध्येच यायला हवं होतं. ॲडमिननी वर पिन करावं.

लिफ्टकिट_नाशिककर

गुरुजींचं म्हणणं रास्त. पण मग यायचं कधी? तुमच्या म्हणण्यानं पावसात नको, पावसानंतर नको.

अक्राणी_गुरुजी

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत या. दिवाळीत अस्तंब्याची यात्रा असते. होळीला काठीला आणि आसपासच्या गावांना सगळा सातपुडा लोटतो. त्या दिवसांत रस्ता यात्रेकरूंचा. त्या वेळी यायचं तर पाहुणे म्हणून या, गाडीचे प्रयोग करायला नको.

आणि नर्मदेकडे उतरणाऱ्यांनी मोबाइलच्या नकाशावर विसंबू नये. सरदार सरोवर २०१९ मध्ये पहिल्यांदा पूर्ण १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. पाणी वर असलं की नकाशात दिसणारी वाट थेट पाण्यात जाते आणि पुढचं गाव बोटीनं गाठायचं असतं. पाणी ओसरलं की तीच वाट उघडी पडते, पण वर गाळाचा थर असतो. वरून वाळलेला, आतून ओला. तिथं गाडी घालायची नाही, थर कितीही कडक दिसला तरी.

सतरा_एकोणीस (शिरपूर, गॅरेज)

नवरात्रानंतर आमच्याकडे ज्या गाड्या येतात त्यावरून लिहितो. कुणाचं नाव घेणार नाही, धंदा आहे.

पहिला प्रकार, "गाडी जड चालते, वळताना धक्के मारते." विचारलं की कळतं, नाशिकपासून फोर हायवर हायवेनं आला आहे. पार्ट टाइम फोर बाय फोरला मधला डिफरन्शियल नसतो. कोरड्या डांबरावर वळताना पुढची आणि मागची चाकं वेगळं अंतर कापतात, त्याचा ताण शाफ्ट आणि ट्रान्स्फर केसवर (पुढं-मागं ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) साचतो. डांबर लागलं की टू हाय, म्हणजे दोनच चाकांना ताकद. एवढंच.

दुसरा प्रकार, पाण्यातून आलेली. डिफचं ऑइल काढलं की चहा बाहेर येतो. होतं असं की घाटात चालून डिफ तापलेला असतो. गाडी तशीच थंड नदीत घातली की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून (हवा जायच्या-यायच्या भोकातून) पाणी आत ओढते. अनेरच्या नाहीतर गोमाईच्या काठावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, गाडी निवू द्या, तोवर पाण्यात चालून या. गुडघ्याच्या वर पाणी आणि ओढ असेल तर परत फिरा. थारला कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, पण ते उभ्या पाण्याचं समजा, वाहत्याचं नाही. आत गेल्यावर पायी चालीचा वेग, एकच गिअर, क्लचला पाय नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून बाहेर काढा आणि आम्हाला फोन करा. आलात की त्याच आठवड्यात सगळी ऑइलं बघून घ्या आणि प्रोपेलरच्या क्रॉसला ग्रीस मारा. ते कुणीच करत नाही.

तिसरा प्रकार नवीन आहे, बीएस सिक्स डिझेल. दिवसभर फोर लोमध्ये रांगलात की डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीत) काजळी साचते आणि गाडी ती जाळायला घेते. त्या वेळी सायलेन्सरची लाइन नेहमीपेक्षा खूप तापते. जानेवारी-फेब्रुवारीत सातपुड्यात कमरेएवढं वाळलेलं गवत. त्यात गाडी उभी करून तुम्ही खिचडी शिजवत बसणार. गाडी नेहमी उघड्या मुरमावर लावा. गवतातून आलात की खाली वाकून सायलेन्सरवर अडकलेलं गवत काढा. आग विझवायचा सिलिंडर सीटखाली ठेवा, डिकीत सामानाखाली नाही.

केळीपट्टा

शेवटचा मुद्दा प्रिंट काढून चिकटवावा असा आहे. त्यात भर घालते. पालला, यावल अभयारण्याच्या हद्दीत वाट सोडून गाडी घालणं हा गुन्हा आहे, छंद नाही. अभयारण्य १९६९ पासूनचं आहे. आत जायला वनखात्याची परवानगी लागते आणि ठरलेल्या रस्त्यावरूनच जायचं. गौताळा, अनेर धरणाचं अभयारण्य, तिथंही तसंच. सुकीच्या गारबर्डी धरणापर्यंत जा, बसा, परत या. नाल्यात उतरून "जंगल ट्रेल" असे व्हिडिओ टाकणाऱ्यांमुळे उद्या फाटकच बंद होईल.

नवा_गडी

सगळ्यांचे आभार. एक विचारतो, हसू नका. चढ अर्धा चढल्यावर गाडी थांबली तर नेमकं काय करायचं? घाबरायला होतं.

धुळ्याचा_लोरेंज

हसण्यासारखं काहीच नाही. धाग्यातला सगळ्यांत कामाचा प्रश्न आहे, कारण गाड्या चढताना पलटत नाहीत, चढ सोडून मागे येताना पलटतात.

गाडी थांबली की ब्रेक घट्ट दाबा. इंजिन बंद पडलं असेल तर पडू द्या. हँडब्रेक ओढा. रिव्हर्स टाका, गाडी फोर लोमध्येच हवी. आरशात बघा आणि चाकं सरळ आहेत ना ते बघा. मग इंजिन बंद असेल तर चालू करून, हँडब्रेक सोडून, क्लच पूर्ण सोडून, हळूहळू ब्रेक ढिला करून, इंजिनच्या जोरावर सरळ रेषेत मागे या. क्लच दाबून गडगडत यायचं नाही, आणि यू टर्न मारायचा तर अजिबातच नाही. चढावर गाडी आडवी झाली की उतारानं तिचं वजन एका बाजूच्या दोन चाकांवर येतं, आणि मग लिफ्ट किटवाल्यांचं काय होतं ते मी म्हणत नाही.

उतरताना तेच. फोर लो, पहिला गिअर, दोन्ही पाय मोकळे. इंजिन गाडी धरून ठेवतं. ब्रेक जोरात दाबला की खडीवर चाकं लॉक होतात आणि मागचं ढुंगण बाजूला जायला लागतं. तसं झालं तर मनाविरुद्ध थोडा गॅस द्या, गाडी सरळ होते. हे आधी गावाजवळच्या एखाद्या छोट्या चढावर करून बघा.

लिफ्टकिट_नाशिककर

टोमणा पोचला 🙂 ऑटोमॅटिकवाल्यांसाठी सांगतो. चढावर डी सोडून फोर लोमध्ये मॅन्युअल मोडनं पहिला गिअर धरून ठेवा, नाहीतर नेमक्या वेळी वरचा गिअर पडतो. हिल डिसेंट (उतारावर आपोआप ब्रेक लावून वेग धरणारी सोय) खडीवर चांगलं काम करतं, पण त्याचा कर्रकर्र आवाज ऐकून घाबरून ब्रेकवर पाय ठेवू नका.

केळीपट्टा

ब्रेकनं चाक धरणाऱ्या सिस्टीमबद्दलही. जिमनीत डिफ लॉक नाही. एखादं चाक हवेत फिरायला लागलं की नवा ड्रायव्हर घाबरून पाय काढतो. सिस्टीमला चाक फिरतंय हे कळायला क्षणभर लागतो. पाय तसाच धरून ठेवा, ब्रेक लागतो, ताकद दुसऱ्या चाकाला जाते आणि गाडी सरकते. फोर्सच्या गुरखाला पुढं-मागं दोन्हीकडे लॉक असतात, तिथं हा प्रश्न नाही. पण लॉक लावून गाडी वळत नाही हे लक्षात ठेवा.

गिरणाकाठ

ओढण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. सतरा-एकोणीस, तुम्ही लिहा.

सतरा_एकोणीस

लिहितो, कारण यात माणसं मरतात.

गाडी फसली की गावातला ट्रॅक्टर येतो आणि साखळी बंपरखालच्या कुठल्याही कडीत अडकवली जाते. त्यातली एखादी कडी ट्रेलरवर गाडी बांधण्यासाठी असते, ओढण्यासाठी नाही. झटक्यानं ती उपटली की साखळीसकट समोरच्याच्या अंगावर जाते. गाडीच्या पुस्तकात ओढायचा हूक कोणता ते चित्रासकट दिलेलं असतं. घरून निघतानाच बघून ठेवा आणि खडूनं खूण करा. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला पट्टा कधीच लावू नका.

साखळी आणि तारेचा दोर झटका देण्यासाठी नाहीतच. ताणला जाणारा कायनेटिक दोर घ्या आणि शिक्का मारलेला शॅकल. पाऊण इंची बो शॅकलवर ४.७५ टन असं कोरलेलं असतं. हार्डवेअरच्या दुकानातल्या बिनशिक्क्याच्या लोखंडी कडीवर जीव टांगू नका. दोराच्या मधोमध ओली गोणी टाका, तुटला तर खाली आपटतो. ओढताना दोराच्या दीडपट लांबीपेक्षा जवळ कुणी उभं राहायचं नाही. व्हिडिओ काढणारा पोरगा तर आधी हाकला.

आणि आधी खणा. दहा मिनिटं फावडं चालवलं तर निम्म्या वेळा दोर लागतच नाही.

भो_नं_एक

फावडा कोन चालाडी? सगळा तं मोबाईल धरीसन उभा ऱ्हातस.

नवा_गडी

कायद्याचं कुणी सांगेल का? टायर-बंपर बदलले तर पोलीस पकडतात म्हणे.

लिफ्टकिट_नाशिककर

बुल बार (बंपरपुढचे लोखंडी दांडे) लावू नका, केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून ते बेकायदा असल्याचं कळवलं. पादचाऱ्याला लागतं, आणि एअरबॅगच्या सेन्सरच्या कामातही अडथळा येतो. बाकी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. माझ्या लिफ्टबद्दल विचारू नका, त्यामुळेच मी पोलीस दिसला की वेग कमी करतो. इन्शुरन्सचा क्लेमही अशा बदलांवर अडू शकतो. पॉलिसीत काय लिहिलंय ते आधी वाचा.

धुळ्याचा_लोरेंज

बघा, स्वतःच बोलले.

केळीपट्टा

सतरा-एकोणीस भाऊ, माझा शेवटचा प्रश्न. जिमनीला कंपनीचे १९५/८० आर१५ आहेत. २१५/७५ आर१५ ऑल टेरेन टाकले तर लिफ्ट न करता बसतील का? फायदा किती?

सतरा_एकोणीस

बसतात ताई. माझ्याकडच्या गाड्यांना पूर्ण वळवल्यावरही कुठं घासलेले नाहीत. तरी बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून बघा, आणि एक चाक दगडावर चढवूनही बघा.

फायद्याचं गणित सांगतो. कंपनीचं चाक ६९३ मिलिमीटर व्यासाचं, हे साधारण ७०३. फरक दहा, त्याचा निम्मा जमिनीकडे. म्हणजे डिफचा गोळा पाच मिलिमीटर वर गेला. स्पीडोमीटर दीड टक्क्यानं कमी दाखवेल. उंचीसाठी घेणार असाल तर घेऊ नका. बाजूची भिंत जाड मिळावी, दगडात फाटू नये म्हणून घेणार असाल तर घ्या. पाचवं टायरही त्याच मापाचं घ्या. चारच बदलून जुनी स्टेपनी ठेवली आणि पंक्चर झाल्यावर तीच लावून फोर बाय फोर चालवली, तर माझ्याकडे पुन्हा याल.

केळीपट्टा

पाचही घेते. जुने कुणाला हवेत का? नक्षी निम्म्याहून जास्त आहे. रावेर किंवा सावद्याला येऊन न्यायचे.

गिरणाकाठ

जिप्सीला पण १५ इंचीच रिम आहे. कमानीत मावतात का बघावं लागेल. ठेवा ताई, रविवारी येतो.